खेचर नावाची गाडी

मी एक जुनी गाडी आहे, मित्रांनो, पण माझ्यात बसून आजवर कुणीही कुठे गेलेले नाही. माझी लांबी जेमतेम हातभर. चार जाड, खरबरीत चाके, राखाडी कवच, पोटात एक बॅटरी आणि एक मोटर. मी रिमोटवर चालते. तुम्ही म्हणाल, म्हणजे खेळण्यातली गाडी! पूर्वी असे कुणी म्हटले की मला फार लागायचे. आता लागत नाही. पण माझ्यात आणि खेळण्यातल्या गाडीत एक फरक आहे, आणि तो समजावा म्हणून मी माझी हकिकत तुम्हाला सांगते आहे.

माझा जन्म एका लांबलचक कारखान्यात झाला. तिथे एका टेबलाशी एक बाई बसायच्या. दिवसाला माझ्यासारख्या साठ गाड्या त्यांच्या हाताखालून जात. स्क्रू पिळताना शेवटचा अर्धा आटा त्या नेहमी सावकाश पिळत. शेजारणीने एकदा विचारले, "एवढं काय गोंजारतेस त्या स्क्रूला?"

"उद्या कुणीतरी हा उघडणार आहे," बाई म्हणाल्या. "त्याने मला शिव्या घालू नयेत म्हणून."

माझ्या अंगात असे त्रेसष्ट स्क्रू आहेत. कारखान्यातून निघताना मला त्यांचा फार अभिमान होता.

मला पहिल्यांदा विकत घेतले ते नुकत्याच नोकरीला लागलेल्या एका तरुणाने. त्याने मला काचेत पाहिले आणि जागच्या जागी घेऊन टाकले. माहितीपुस्तक खोक्यातच राहिले. पहिल्या दिवशी त्याने मला पूर्ण वेगाने फुटपाथच्या कडेवर आपटले, दुसऱ्या दिवशी डबक्यातून पळवले. त्याचे मित्र टाळ्या वाजवत होते, "काय पळते यार!" खोटे कशाला बोलू, मलाही ते आवडत होते. वीस दिवस माझे कौतुक झाले. मग नवेपण सरले आणि ओल्या अंगाने, पोटात बॅटरी तशीच ठेवून मला कपाटाखाली ढकलण्यात आले. बॅटरी फुगली. बेअरिंगला गंज चढला. शेवटी घर बदलताना मी त्याच्या हाती लागले तेव्हा त्याने मला उचलून एका दुकानात नेले आणि विचारले, "हिचं काही येईल का?"

त्या दुकानाची मालकीण चाळिशीची, गळ्यात दोरीला चष्मा, बोटांना कायम सोल्डरिंगचा वास. तिने मला उघडले, पुसले, वाळवले, तेल घातले. मग एक चिठ्ठी लिहून माझ्या कवचावर चिकटवली: 'वापरलेली. तब्येत बरी. बॅटरी नाही.' आणि मला सगळ्यांत खालच्या फळीवर ठेवले. चौदा महिने मी गिऱ्हाइकांचे गुडघे पाहत काढले.

एका दुपारी असेच दोन जोड गुडघे माझ्यासमोर येऊन थांबले. एक जोडी लहान, खरचटलेली. दुसरी मोठ्या माणसाची, आणि त्यातला उजवा पाय जरा ओढत आलेला.

ते वडील आणि मुलगी होते. वडिलांनी चोवीस वर्षे शहरात बस चालवली होती. मागच्या वर्षी त्यांना अर्धांगवायूचा झटका आला. जीव वाचला, पण उजवा हात दुबळा झाला आणि जीभ जड झाली. त्यांनी काही म्हटले की लोक "काय?" विचारत. दुसऱ्यांदा "काय?" आले की ते गप्प होत. हळूहळू त्यांनी घराबाहेर बोलणेच सोडून दिले. हाताच्या व्यायामाला डॉक्टरांनी एक रबरी चेंडू दिला होता, तो कुठल्याशा खणात पडून होता. हे सगळे मला नंतर कळले. त्या दिवशी दिसली ती सातवीतली एक मुलगी. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी मैदानावर रिमोटच्या गाड्यांची शर्यत भरायची आणि तिला तिच्यात उतरायचे होते. दोन वर्षे साठवलेले पैसे तिने एका पाकिटात आणले होते, आणि ते पाकीट ती दोन्ही हातांनी धरून होती.

"मावशी, ती लाल," तिने वरच्या फळीकडे बोट केले. "सगळ्यात जोरात पळते ती तीच ना?"

"पळते खरी," मालकीण म्हणाली. "पण तुझ्या पैशांत नुसती गाडी येईल. बॅटरी वेगळी, चार्जर वेगळा. घरी नेऊन तिच्याकडे बघत बसशील."

मुलीचा चेहरा उतरला. "मग ती? दिवे लागतात ती?"

"ते खेळणं आहे. दिवे छान, आवाज छान. पण आत गिअरचा एक दात मोडला की कारभार आटोपला. नवीन गिअर मिळत नाही, आणि मिळाला तरी ती उघडत नाही."

"मग मी घेऊ तरी काय?"

आणि तेव्हा वडील बोलले. "सुटे..." ते म्हणाले आणि अडले. मालकिणीने "काय?" विचारले नाही. हातातले काम खाली ठेवून ती थांबून राहिली. "सुटे भाग... कशाचे... मिळतात?"

मालकीण खाली वाकली आणि तिने मला बाहेर काढले. "हिचे. दहा वर्षं झाली, हे मॉडेल बदललेलं नाही. चाकाचा दांडा मागा, गिअर मागा, एखादा स्क्रू हरवला तर तोसुद्धा सुटा देते."

"ही?" मुलगी जवळजवळ ओरडलीच. "ही तर कुणीतरी वापरून टाकलीय! आणि पळते किती?"

"लालच्या निम्मं. तेही नाही म्हण."

वडिलांनी मला डाव्या हातात घेतले. अंगठ्याने एकेक चाक फिरवले आणि मला कानाशी धरले. चोवीस वर्षे इंजिनाची कुरकुर ऐकलेला तो कान! तिसऱ्या चाकापाशी ते थांबले. "इथे... ढिलं आहे."

मालकीण हसली. "बरोबर पकडलंत, दादा. बेअरिंग गेलंय. मी सांगणारच होते. ते माझ्याकडून बदलून देते."

मग हिशेब झाला. मी, नवी बॅटरी, नीटसा चार्जर. थोडे पैसे उरले. मुलीला त्यात माझ्यासाठी चमचमते निळे कवच घ्यायचे होते. "निदान दिसायला तरी बरी दिसेल," ती म्हणाली.

"नाही," वडील म्हणाले. "दांडे... पुढचे... दोन." मुलीने तोंड वाकडे केले तसे ते पुढे म्हणाले, "गाडी घ्यायचे पैसे... सगळे मोजतात. चालवायचे... कोण मोजतं?"

एवढे बोलेपर्यंत त्यांच्या कपाळाला घाम आला. मुलगी त्यांच्याकडे बघतच राहिली. वर्षभरात बाहेरच्या कुणासमोर ते एवढे बोलले नव्हते. ती वाद घालणारी मुलगी होती, पण त्या वेळी तिने वाद घातला नाही. निळ्या कवचाऐवजी दोन काळे दांडे पिशवीत पडले.

रस्त्यावर मात्र तिचा राग बाहेर आला. "घोडा आणायला गेलो आणि खेचर घेऊन आलो."

"खेचर," वडील म्हणाले, "दरीत... पडत नाही."

झाले! गाडी ती, आणि नाव मिळाले खेचर. व्याकरणाला कुणी विचारले नाही.

त्यांचे घर दुसऱ्या मजल्यावर होते. दोन खोल्या, एक गॅलरी, बाहेर जिना. मुलीची आई औषधांच्या दुकानात काम करायची, ती संध्याकाळी यायची. शाळा सुटली की मुलगी मला खालच्या मोकळ्या जागेत नेई. पहिल्या आठवड्यात मी जितका वेळ चाकांवर होते तितकाच वेळ पाठीवर. गाडी आपल्याकडे तोंड करून येऊ लागली की डावे-उजवे उलटे होते, हे तिच्या बोटांना उमजायला दहा दिवस लागले. पण पोरगी जिद्दीची. घरी आली की जुन्या दातांच्या ब्रशने माझी माती काढायची, बॅटरी बाहेर काढून ठेवायची. पहिल्या मालकाने जे एकदाही केले नाही ते तिने रोज केले. तरी मनातून तिला ती लालच हवी होती, हे मला कळत होते. पुसता पुसता ती कधी कधी सुस्कारा टाकायची.

वडील हे सगळे गॅलरीतून बघायचे. मग एका दुपारी, मुलगी शाळेत आणि आई कामावर असताना, त्यांनी मला फळीवरून खाली घेतले.

माझा रिमोट पिस्तुलासारखा आहे. डाव्या हाताच्या बोटाने घोडा दाबला की मी पळते. उजव्या हाताने त्यावरचे छोटे चाक फिरवले की मी वळते. त्या चाकाला आत स्प्रिंग आहे, धरून ठेवले नाही तर ते आपसूक सरळ होते. आता विचार करा. ज्यांच्या उजव्या बोटांत धरायची ताकद नाही त्यांनी मला वळवायचे कसे? बोटे निसटत, चाक सरळ होई, आणि मी भिंतीवर. पुन्हा मागे, पुन्हा भिंत. पहिल्या दिवशी मी सतरा वेळा भिंतीला नाक लावले. पण ते हळू चालवायचे, त्यामुळे लागले मात्र एकदाही नाही.

दुसऱ्या दिवशी त्यांनी घरातल्या सगळ्या चपला आणि बूट बाहेर काढले. एक इथे, एक तिथे, असे दोन्ही खोल्यांतून मांडले. प्रत्येकाजवळ खडूने फरशीवर काहीतरी लिहिले. ते बसचे थांबे होते! त्यांचा जुना मार्ग त्यांनी घरात आखला होता. आगारातून निघायचे, पलंगाखालच्या बोगद्यातून जायचे, प्रत्येक थांब्यावर बरोबर बुटाशेजारी उभे राहायचे. आणि थांबा आला की ते त्याचे नाव मोठ्याने पुकारायचे. ड्रायव्हर कधी थांबे पुकारत नाही, ते कंडक्टरचे काम. पण या बसला कंडक्टर नव्हता. "बा...जार," ते म्हणायचे. "बाजार. चला... बाजार."

मित्रांनो, मी शर्यतीही धावले आहे. पण ज्या कामाची मला खरी धन्यता वाटते ते हेच. रोज दुपारी दोन तास मी त्या घरातली बस होते. पहिल्या आठवड्यात आमची बस चौथ्या थांब्याच्या पुढे गेली नाही. तिसऱ्या आठवड्यात एकोणीसच्या एकोणीस थांबे झाले. मुलगी यायच्या आत ते खडू पुसत, बूट जागेवर ठेवत, मला पुसून फळीवर चढवत. त्यांनी हे लपवले का, ते मला ठाऊक नाही. कदाचित नीट जमल्यावरच दाखवायचे असेल.

शर्यतीला दोन दिवस राहिले असताना त्यांनी जरा धाडस केले. घरातला मार्ग संपला म्हणून बूट आवरून मला दाराबाहेर काढले. जिन्याच्या तोंडाशी वळण घ्यायचे होते. बोटांनी चाक धरले, वळवले, आणि ऐन वेळी बोटे निसटली. मी सरळ गेले. नऊ पायऱ्या. खाली पोचले तेव्हा माझ्या पुढच्या उजव्या चाकाचा दांडा मोडून चाक बाजूला लोंबत होते.

आणि खालून नेमकी मुलगी वर येत होती.

तिने मला उचलले. वर पाहिले. वडील रिमोट हातात धरून जिन्याच्या तोंडाशी उभे होते.

"कुणी सांगितलं होतं हात लावायला?" ती ओरडली. "परवा शर्यत आहे माझी! तुमच्याच्याने शर्टाचं बटण लागत नाही, आणि गाडी चालवायला निघालात!"

पाय घसरला तर कठडा धरता येतो. जीभ घसरली तर धरायला काही नसते. बोलताक्षणीच तिचा चेहरा बदलला, पण शब्द गेला तो गेला. वडिलांनी रिमोट टेबलावर ठेवला, अगदी हळू, आवाज न होऊ देता. गॅलरीत जाऊन ते खुर्चीवर बसले. त्या संध्याकाळी ते कुणाशी बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी आईने दोनदा हाक मारली, तरी नाही. मला तोंड असते तर मी सांगितले असते की मला दुखले नाही, दांडा मोडतो तो बाकीची गाडी वाचावी म्हणूनच. पण मला कुणी तोंड दिलेले नाही.

मुलीने नवा दांडा काढला. तो बसवायला एक बारीक पिन ओढायची असते आणि पिनेच्या टोकाला नखाएवढी एक क्लिप असते. तिने ती पक्कडीने उचकटली आणि क्लिप टुणकन उडून पलंगाखाली गेली. टॉर्च घेऊन ती पोटावर सरपटत आत शिरली.

बराच वेळ ती बाहेर आली नाही.

पलंगाखालची फरशी पुसायची राहून गेली होती. तिथे खडूने तीन गोल होते. एकात लिहिले होते 'पूल', दुसऱ्यात 'इस्पितळ', तिसऱ्यात 'शाळा'. अक्षरे वेडीवाकडी, नुकतेच लिहायला शिकलेल्या मुलासारखी. उजव्या हाताने काढलेली. शाळेच्या गोलात तिचा स्वतःचा जुना, आखूड झालेला बूट होता.

आई दारात उभी होती. "शेजारच्या काकू मला विचारत होत्या," ती म्हणाली, "की दुपारी तुमच्या घरातून बस कुठली सुटते? रोज थांबे ऐकू येतात म्हणे. मला वाटलं, तुला माहीत असेल."

मुलगी क्लिप मुठीत धरून उठली. मला आणि नव्या दांड्याला घेऊन ती गॅलरीत गेली आणि खुर्चीशेजारी जमिनीवर बसली. तिने विचारले, "बाबा, बाजारच्या पुढचा थांबा कुठला?"

ते रस्त्याकडे बघत राहिले.

"मी वाईट बोलले," ती म्हणाली. "ते बटणाचं. फार वाईट बोलले."

खालून एक सायकल गेली. कुणीतरी गच्चीवर सतरंजी झटकत होते. मग ते म्हणाले, "बाजार. मग... पाण्याची टाकी. मग... पूल."

आणि त्यांनी एकोणीस थांबे सांगितले. अकराव्या थांब्यावर ते अडकले. तिला नाव ठाऊक होते, ती त्याच रस्त्याने शाळेत जायची. पण तिने ते पुरवले नाही. दुकानाच्या मालकिणीसारखी ती थांबून राहिली. नाव आले. शेवटचा थांबा पुकारून झाल्यावर त्यांनी हात पुढे केला आणि म्हणाले, "आण... ती क्लिप."

ते काम तुमच्याकडच्या कुणीही पाच मिनिटांत केले असते. त्यांना सव्वा तास लागला. डाव्या हाताने मला धरले, उजव्या हातात चिमटा. क्लिप चार वेळा पडली, चारही वेळा मुलीने ती शोधून दिली आणि एकदाही म्हटले नाही, "द्या, मी करते." पाचव्यांदा 'टिक्' आवाज झाला. तो आवाज मी अजून विसरलेले नाही.

शर्यतीत आम्ही अकरांत पाचव्या आलो. ऐकून तुमची निराशा झाली असेल. पण ज्या सहा गाड्या आमच्या मागे राहिल्या त्यांपैकी चार माझ्यापेक्षा कितीतरी जोरात पळणाऱ्या होत्या. त्या उलटल्या, मोडल्या, थांबल्या. आमचे खेचर सोळाही फेऱ्या चालत राहिले. मुलगी मला उचलून नाचली, आणि त्यानंतर मला पुसताना तिने कधी सुस्कारा टाकला नाही.

त्या दिवशी आणखी एक गोष्ट घडली. तशीच एक लाल गाडी मैदानाच्या कडेला बंद पडली होती आणि तिच्या मालकाला दोष सापडत नव्हता. चारपाच जण डोकी खुपसून उभे होते. मुलीचे वडील मागून म्हणाले, "पिन... निसटलीय." कुणीतरी "काय?" म्हणाले. ते गप्प होणार असे मला वाटले. पण ते पुढे झाले, बोट ठेवले आणि पुन्हा म्हणाले, "पिन." पुढच्या महिन्यात दुकानाच्या मालकिणीने मैदानावर एक घडीचे टेबल आणले आणि त्यामागे त्यांच्यासाठी खुर्ची ठेवली. तेव्हापासून दर शर्यतीला ते तिथे बसतात आणि मोडक्या गाड्या बघतात. बस त्यांनी पुन्हा कधी चालवली नाही. उजवा हात पुष्कळ सुधारला, पण पहिल्यासारखा झाला नाही. शर्टाची बटणे ते आता स्वतः लावतात, गळ्याजवळचे तेवढे अजूनही आई लावून देते.

मुलगी मोठी झाली. तिने स्वतःच्या कमाईची वेगवान गाडी घेतली, आणि मग मी वर्षभर फळीवर बसले. कवचावर धूळ साचली. पण वडिलांनी माझी बॅटरी काढून, अर्धी भरून वेगळी ठेवली होती. त्यामुळे मी फार घाबरले नाही. ज्याची बॅटरी जपून ठेवतात त्याला कुणी विसरलेले नसते.

आता माझे काम वेगळे आहे. मुले त्या टेबलाशी येतात आणि विचारतात, "काका, पहिली गाडी कोणती घेऊ? पैसे थोडेच आहेत." ते काही सांगत बसत नाहीत. मला खाली ठेवतात आणि रिमोट मुलाच्या हातात देतात. माझे चारही दांडे आतापर्यंत कितीदा बदलले, गिअर तीनदा, मोटर दोनदा. कारखान्यातल्या बाईंनी पिळलेल्या त्रेसष्ट स्क्रूंपैकी नऊच जुने उरले आहेत. तरी मी मीच आहे.

मित्रांनो, तुमच्याकडे माझे एवढेच मागणे आहे. वस्तू घ्याल ती दुरुस्त होईल अशी घ्या, आणि मोडली तर तिला लगेच कपाटाखाली ढकलू नका. ती मोडली म्हणून जो चुकला असेल, त्याच्यावर तोंड टाकण्याआधी एक श्वास घ्या. दांडा दुकानात मिळतो.

कालच्या रविवारी आठ वर्षांची एक मुलगी आली होती. तिने घोडा पूर्ण दाबला आणि मला थेट मैदानाच्या खांबावर घातले. चाक निखळून गवतात गेले. तिचे डोळे भरले, आणि रिमोट पाठीमागे लपवत ती म्हणाली, "मी मुद्दाम नाही केलं."

काकांनी शेजारची खुर्ची ओढली, तिच्यावरची धूळ उजव्या हाताने झटकली आणि म्हणाले, "बरं झालं. ये... बस. आता तुझी नि हिची... ओळख होईल."